चांद मिस्त्रीचं साडेअकरा

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढं कुठं आवाज चढला तर मनाला लावून घेऊ नका. सतरा वर्षं पलटणीत ट्रक आणि जीपगाड्या दुरुस्त केल्या, हवालदार होऊन कुंडलला परत आलो, आणि घरात बसून करायचं काय म्हणून चांदसाहेबाच्या गाळ्यावर जाऊन बसायला लागलो. बसता बसता हात चालायला लागले. त्याला आता चौदा वर्षं झाली. माझं नाव नाथाजी, पण हे माझ्याबद्दल नाही. चांदबद्दल आहे.

चांदसाहेब म्हणजे आमच्या भागातला हेडचा मिस्त्री. हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण. पण त्याच्यासमोर झाकण म्हणालात तर दोन दिवस तुमच्याशी बोलणार नाही. हे हेड तापून वाकलं की त्याचं तोंड घासून सपाट करावं लागतं. त्यासाठी त्याच्याकडं दीड टनाचं जुनं मशीन आहे. ते त्यानं गाळ्यात काँक्रीटमध्ये बसवलं, आणि त्याची पातळी जमवायला आठ दिवस घेतले. आठ दिवस तो माणूस जमिनीवर पालथा पडून पातळी बघत होता आणि त्याची बायको शमशाद डबा घेऊन येऊन तसाच परत नेत होती. एकदा बसलेलं असलं मशीन हलवलं की संपलं, परत तशी पातळी लागेल याची खात्री कुणी देत नाही.

आणि एवढं मशीन त्यानं बसवलं कुणाच्या जागेत, तर नानासोंच्या. नानासो म्हणजे गावातलं मोठं बागायतदार. त्यांनी शब्द दिला होता, "चांद, तू हाईस तवर गाळा तुझा." कागद नाही, सही नाही, काही नाही. मी शंभरदा म्हणालो असेन, अरे कागद कर. तर म्हणायचा, "नानांचा शब्द हाय, त्यांच्याकडं कागद मागू व्हय?" मग नानासो वारले. गाळा राहिला त्यांच्या मुलाकडं, वीरधवलकडं.

वीरधवल वाईट मुलगा नाही. हे मी रागात असूनही सांगतो. लहानपणी गाळ्यातच खेळायचा, चांदला चांदकाका म्हणायचा. पण लाडात वाढलेला, आणि त्याला 'नाही' ऐकायची सवय नाही.

गेल्या दिवाळीनंतर तो एक पांढरी तेराशे सीसीची जुनी पेट्रोल गाडी घेऊन आला. मागची सीटं काढलेली, मागं एक निळी बाटली पट्ट्यानं आवळलेली. ही बाटली नायट्रसची. शर्यतीत बटण दाबलं की तो गॅस इंजिनात घुसतो, त्याबरोबर जादा पेट्रोल जातं, आणि सात-आठ सेकंद इंजिन दीडपट जोर लावतं. लोणंदच्या पलीकडं एका बंद कारखान्याच्या आवारात सरळ रस्ता आहे, तिथं अशा गाड्यांच्या शर्यती होतात. चारशे मीटर, दोन गाड्या शेजारी शेजारी, जो आधी जाईल तो जिंकला. वीरधवलला तिथं जिंकायचं होतं.

कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर आम्ही उभे होतो. आजूबाजूला ट्रॅक्टरवाले, उसाच्या टोळ्यांचे मुकादम, अशी वीसेक माणसं. वीरधवल म्हणाला, "चांदकाका, पुण्याचा एक मेकॅनिक म्हणतोय की बाटली लावायची तर कॉम्प्रेशन नऊ, सव्वानऊच्या वर न्यायचं न्हाई. पर मला बाटली बंद असताना बी गाडी जोरात पायजे. काय करूया?"

आता ही कॉम्प्रेशनची भानगड थोडक्यात सांगतो. पिस्टन वर येताना आतली हवा आणि पेट्रोल दाबतो. ते नऊपट दाबलं तर कॉम्प्रेशन नऊ, अकरापट दाबलं तर अकरा. जास्त दाब म्हणजे जास्त जोर, इथपर्यंत सगळे बरोबर. डिझेलला तर ठिणगीच नसते, ते दाबानंच पेटतं. दाब गेला की ट्रॅक्टर मेला. चांदचा सगळा जन्म उसाच्या ट्रॅक्टरवर गेला. थंडीत सकाळी एका चावीत ट्रॅक्टर सुरू झाला की लोक त्याचं नाव काढायचे. कॉम्प्रेशन वाढवून आजवर कुणाचं वाईट झालेलं नाही, हे त्याचं ठाम मत, आणि तीस वर्षांत त्याला ते बदलायची वेळच आली नव्हती.

पेट्रोलचं तसं नसतं. पेट्रोलनं ठिणगीची वाट बघायची असते. फार दाबलं तर ते वाट न बघता आपणहून पेटतं, पिस्टन अजून वर येत असतानाच, आणि मग तो भडका हातोड्यासारखा पिस्टनच्या डोक्यावर बसतो. त्यात बाटलीचा गॅस आला की दाब आणखी चढतो. पिस्टन फुटला, आतला रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला, की तेल पुढच्या चाकांखाली. आणि गाडी तेव्हा दीडशेच्या वेगात असते.

पलटणीत माझ्या हाताखालून पेट्रोल जीपा गेल्या होत्या. मला हे अर्धंमुर्धं ठाऊक होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात चांद वीस माणसांसमोर हसला आणि म्हणाला, "पुण्याची लोकं भित्री हैत. सव्वानऊ म्हंजे म्हातारीची गाडी. मी तुला साडेअकरा करून देतो, वीरधवल. बाटली बंद ठेव न्हाईतर चालू ठेव, पळंल."

मुकादमांनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, मिस्त्रीचा शब्द. झालं. तिथून पुढचं सगळं त्या एका चहातनं निघालं.

चांदनं हेड दीड मिलिमीटर घासलं आणि उंच डोक्याचे पिस्टन बसवले. हेड घासताना त्याचा चेहरा बघायला पाहिजे होता, सणाचं जेवण पुढ्यात आल्यासारखा खूश. गेलेला धातू परत लावता येत नाही, एवढं मी त्याला म्हणालो. तो म्हणाला, "परत लावायचाच कशाला?"

त्याची मुलगी कशिश सांगलीला इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला आहे. रविवारी ती गाळ्यावर आली, दवाखान्यातली सिरिंज घेतली, पिस्टन अगदी वर आणून ठेवला आणि प्लगच्या भोकातून तेल भरत गेली. जेवढं तेल मावलं तेवढी आतली जागा, त्यावरनं हिशेब. तिनं भिंतीवर खडूनं आकडे मांडले आणि म्हणाली, "अब्बा, साडेअकरा बरोबर झालंय."

चांदनं माझ्याकडं बघून मिशीवर हात फिरवला.

"पर ह्यावर बाटली सोडू नका," ती पुढं म्हणाली. "पंपावरच्या पेट्रोलवर न्हाईच. फुटंल."

"तू दोन वर्सं शिकलीस. मी तीस वर्सं करतोय."

"तुमी डिझेल करताय, अब्बा."

पोरीनं बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. त्या दिवशी चांदनं तिला मोटारसायकलवरनं स्टँडला सोडलं नाही, मला सोडायला लावलं. वाटेत ती रडत नव्हती, चिडली होती. "काका, त्यांना मी चुकावं असं वाटतंय," म्हणाली. मला पण तेच वाटत होतं.

दोन दिवसांनी आम्ही गाडी घेऊन वीरधवलच्या मळ्यातल्या सरळ रस्त्यावर गेलो. चांद चालवायला, मी शेजारी. बाटली बंद असताना गाडी लय भारी पळाली, खोटं का बोलू. मग त्यानं बटण दाबलं, तेही थोडाच गॅस सोडून. पहिली दोन सेकंद पाठ सीटला चिकटली. तिसऱ्या सेकंदाला इंजिनातून आवाज आला. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा. चांदनं लगेच पाय काढला. उसाच्या कडेला गाडी लावली, प्लग काढला, त्यानं चष्मा लावून बघितलं. पांढऱ्या चिनीमातीवर बारीक बारीक चंदेरी ठिपके होते. पिस्टनचं ॲल्युमिनियम वितळून उडालेलं.

"नाथाजी," तो म्हणाला, "पोरगी खरं बोलत हुती गड्या."

मी म्हणालो, "मग चल, आत्ताच जाऊन वीरधवलला सांगू. चूक झाली म्हणायचं, पुण्याचा बरोबर हुता म्हणायचं. दोन मिनटाचं काम हाय."

आम्ही गेलो. खरंच गेलो. वीरधवल अंगणात चार मित्र घेऊन बसला होता. आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा सांगितला. चांद घसा साफ करतोय तेवढ्यात वीरधवलच म्हणाला, "बरं झालं आलासा, चांदकाका. कराडचा एक पाव्हणा तुमचा गाळा मागतोय, जिम काढायला. लय मागं लागलाय. मी म्हटलं, न्हाई, आमचा काका तिथं साडेअकरा करतोय. पुण्याला जे जमलं न्हाई ते आमच्या गाळ्यात होतंय. खरं का न्हाई?" मित्र हसले. एकानं विचारलं, "झालं का मग साडेअकरा?"

चांदनं चहाची बशी खाली ठेवली. मी त्याच्याकडं बघतोय.

"झालंय," तो म्हणाला.

परत येताना मी त्याला काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. तो सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाला, "मशीन काँक्रीटात हाय, नाथाजी. मी कुठं जाऊ ते घेऊन?" मला वाईट वाटलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. कारण तो म्हणत होता ते खरं होतं. आणि गाडीत वीरधवल स्वतः बसणार होता. नानासोंचा मुलगा.

मग आम्ही दोघांनी जे केलं ते मी लपवणार नाही. निम्मा दोषी मी आहे.

हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये एक पातळ गॅस्केट असते. ती जाड केली की हेड वर उचललं जातं, आतली जागा वाढते, कॉम्प्रेशन उतरतं. कशिशनं फोनवर आकडा काढून दिला: दोन मिलिमीटर जादा पाहिजे, मग सव्वानऊ येईल. कशासाठी, हे तिनं विचारलं नाही. मी कवठे महांकाळला जाऊन ओळखीच्या तांबटाकडून तांब्याचा जाड पत्रा आणला, कुंडलमध्ये कुणाला पत्ता लागू नये म्हणून. शुक्रवारी दुपारी नमाजानंतर गाळा अर्धा बंदच असतो, कुणी येत नाही. शटर निम्मं खाली ओढून आम्ही पत्रा कापला, भोकं पाडली, तापवून लाल केला आणि पाण्यात बुडवला. असं केलं की तांबं मऊ पडतं आणि नीट दाबून बसतं. तांबं पाण्यात चरचरलं तेव्हा चांद दचकून शटरकडं बघायला लागला. स्वतःच्याच गाळ्यात चोरासारखा.

आता बाटली बंद असताना गाडी मंद झाली होती. हे वीरधवलच्या लक्षात येणार म्हणून आम्ही सायलेन्सर मोकळा करून दिला. आवाज वाढला की मालकाला ताकद वाढल्यासारखी वाटते, ही आमच्या धंद्यातली जुनी गोष्ट. वीरधवलनं गाडी फिरवली, उतरला आणि म्हणाला, "वाघ हाय वाघ." चांद हसला. ते हसू मला अजून आठवतं, आणि आठवलं की त्याच्या कानाखाली एक लावावीशी वाटते. माझ्याही एक.

जानेवारीत लोणंदला शर्यत झाली. आम्ही दोघं गेलो होतो. वीरधवलनं पूर्ण गॅस सोडला, एकदा नाही, पाच वेळा, आणि पाचही वेळा गाडी सरळ रेषेत, गुळगुळीत गेली. सव्वानऊ आणि भरपूर गॅस, त्या इंजिनाला तेच पाहिजे होतं. शेजारच्या दोन गाड्यांची इंजिनं त्याच दिवशी फुटली. वीरधवल पहिला आला. माइक हातात घेऊन तो म्हणाला, "माझ्या गाडीचं कॉम्प्रेशन साडेअकरा हाय. साडेअकरावर बाटली चालवून दाखवलीय आमच्या कुंडलच्या चांद मिस्त्रीनं. इथं कुणाच्यात दम असला तर करून बघा."

लोकांनी चांदला खांद्यावर घेतलं. वर त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. लोकांना वाटलं, भारावलाय.

कुंडलच्या चौकात बॅनर लागला. नानासोंचा फोटो, वीरधवलचा फोटो, आणि खाली चांदचा, आधार कार्डावरचाच मोठा करून. 'साडेअकराचे शिल्पकार.' पोरं त्याला साडेअकरा मिस्त्री म्हणायला लागली. इस्लामपूरहून, विट्याहून फोन यायला लागले. मिस्त्री, साडेअकरा कसं जमवलं? तो म्हणायचा, "ते सांगत नसतेत." मग फोन ठेवून मशीनच्या कडेला जाऊन बसायचा. हेडची कामं साचलेली, हंगाम चालू, आणि हा बसलेला. शमशाद मला म्हणाली, "भाऊजी, घरी बी असंच करतात. जेवताना घास हातातच राहतो. काय झालंय त्यांना?" मी म्हणालो, उन्हाचा त्रास असेल. फेब्रुवारीत.

मी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मी म्हटलं हुतं गॅस्केट घालून सुटलो. आता जो कोण खरंच साडेअकरा करंल आणि बाटली सोडंल, तो माझ्या नावावर बसंल गाडीत."

"मग फोनवर खरं सांग की."

"सांगितलं की वीरधवलच्या कानावर जातंय. तो माइकवर बोललाय, नाथाजी. जिमवाला अजून मागं हायच."

असं तीन महिने चाललं. एप्रिलमध्ये, एका मंगळवारी, लोणंदहून जयराज आला. पंचविशीचा, हसतमुख, वडील फौजेत. हातात पेढ्यांचा बॉक्स. चांदच्या पाया पडला आणि म्हणाला, "मिस्त्री, तुमचं ऐकून मी बी साडेअकरा करून घेतलं. आमच्या तिथल्याकडनंच. बाटली बी मोठी लावलीय. रविवारी पळवणार हाय. म्हटलं आधी तुमचा आशीर्वाद घ्यावा."

चांदचा हात बॉक्सवरच थांबला. मला वाटलं हा आता परत 'सांगत नसतेत' म्हणणार. पण तो म्हणाला, "बाटली सोडू नकोस, बाळा. वीरधवलच्या गाडीत साडेअकरा न्हाई. सव्वानऊ हाय. मी खोटं सांगितलंय."

जयराजच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. "कळलं, मिस्त्री," म्हणाला. "धंद्याचं गुपित कोण सांगतं? आमी बी उलटंच सांगतो लोकांना."

"अरं मी खरं सांगतोय."

"व्हय व्हय."

माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "ए शाण्या, फुटशील, मरशील, तुझ्या आईला कोण बघणार?" तो माझ्याही पाया पडला. काका लय प्रेमळ आहेत, म्हणाला, आणि गेला.

संध्याकाळी वीरधवल आला तो हसतच. जयराजनं त्याला फोन करून सांगितलं होतं. "काका, बरं बनवाय बघितलंत त्याला. सव्वानऊ म्हणं. पर पोरगं हुशार हाय, फसलं न्हाई." आणि चांदच्या पाठीवर थाप मारून गेला.

चांद खाली बसला. मशीनला टेकून, पाय पसरून. म्हणाला, "खोटं बोललो तवा समद्यांनी इस्वास ठेवला. आता काय करू सांग." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. चौदा वर्षांत मी ते पहिल्यांदा बघितलं. मी पेढ्यांचा बॉक्स उचलून कपाटात ठेवला, उगीच.

बुधवारी सकाळी त्यानं जयराजला फोन केला. "उद्या ये. साडेअकराचं गुपित दाखवतो तुला. तुझ्या डोळ्यानं बघ." त्या आमिषाला तो लगेच लागला. कशिशलाही बोलावून घेतलं. वीरधवलची गाडी पुढच्या शर्यतीसाठी गाळ्यातच ठेवलेली असायची. ती चांदनं ढकलून बाहेर रस्त्याच्या कडेला आणली. गुरुवार बाजाराचा, चहाच्या गाड्यावर गर्दी. मी म्हणालो, आत करू, शटर ओढून. तो म्हणाला, "आत केलं की परत गुपितच हुतंय."

कशिशनं पिस्टन वर आणला आणि सिरिंज जयराजच्या हातात दिली. "तूच भर," म्हणाली. तो भरायला लागला. दहा मिलीची एक, दुसरी, तिसरी. साडेअकरा असेल तर तीन सिरिंजांत भरायला पाहिजे, वर एखादा थेंब. त्यानं चौथी भरली. ती पण जवळजवळ पूर्ण गेली. एकूण साडेएकोणचाळीस मिली. कशिशनं त्याच्या मोबाईलवर त्यालाच भागाकार करायला लावला. सव्वानऊ आलं.

"तेल खाली गळालं असंल," जयराज म्हणाला. पण आवाज बारीक झाला होता.

चांदनं पाना घेतला आणि हेडचे बोल्ट सोडायला लागला. माणसं जमली. ते मुकादम, ते ट्रॅक्टरवाले, ज्यांच्यासमोर तो हसला होता तेच. कुणीतरी वीरधवलला फोन केला असणार, कारण हेड उचललं तेव्हा तो गर्दीत उभा होता. चांदनं वाकून तांब्याची जाड गॅस्केट काढली, फडक्यानं पुसली आणि जयराजच्या हातात दिली.

"ही घातलीय म्हणून तो जिता हाय," वीरधवलकडं बोट करून म्हणाला. "साडेअकरा मी केलं हुतं. बाटली सोडली तसं पिस्टन वितळाय लागलं. मग ही घातली आणि गप बसलो. पुण्याचा मिस्त्री बरोबर हुता. मला डिझेलचं कळतं, ह्याचं कळत नव्हतं. माझ्या पोरीला कळत हुतं."

जयराजनं गॅस्केटच्या कडेवर अंगठा फिरवला. मग म्हणाला, "मला अशी एक करून देशीला का? शनिवारपातूर?" कशिश त्याच्याकडनं त्याच्या इंजिनाचे आकडे लिहून घ्यायला लागली. मला एकदम हलकं वाटलं.

वीरधवल पुढं आला. गर्दी बाजूला झाली. तो चांदला काका म्हणाला नाही.

"मिस्त्री, माझी गाडी रस्त्यावर उघडलीसा."

"व्हय. बसवून देतो. मग बोल."

आणि त्यानं बसवली. तीन तास लागले. गर्दी पांगली, वीरधवल कुठं गेला नाही, चहाही घेतला नाही, खांबाला टेकून उभा राहिला. चांदनं बोल्ट तीन टप्प्यांत आवळले, पाणी भरलं, गाडी चालू केली, कान लावून ऐकलं आणि चावी त्याच्या हातात दिली.

वीरधवल म्हणाला, "मला पहिल्याच दिवशी सांगायचं हुतं. मी लोकांत तोंडघशी पडलो."

"आलो हुतो सांगायला. तू जिमचं काढलंस."

वीरधवलनं चावी मुठीत धरली.

चांदनं हात पुसत विचारलं, अगदी शांतपणे, "तवा सांगितलं असतं तर गाळा ठेवला असतास का?"

मी म्हणालो ना, वीरधवल वाईट मुलगा नाही. तो खोटं बोलला नाही. थोडा विचार करून म्हणाला, "ठेवला असता. मी नुस्तं बोललो हुतो. पाव्हण्याला मी तवाच न्हाई म्हणून कळवलं हुतं."

चांदचं फडकं हातातच राहिलं.

"आन् आता?"

"आता न्हाई," वीरधवल म्हणाला. "महिनाअखेर रिकामा करा."